इंडिकेटरखाली थांब

आमच्या गावातला माणूस मुंबईला गेला, की तो एक तर दवाखान्यात जातो नाही तर मंत्रालयात. मला दोन्हीकडे जायचं नव्हतं, त्यामुळे ज्याला त्याला समजावत बसावं लागलं. "आत्याकडे चाललो," म्हटलं की समोरचा म्हणे, "थे ठीक हाय, पण काम काय?" काम होतं. पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून संक्रांतीचं निमित्त पुढे केलं.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आमचं गाव. सात एकर काळी जमीन, कपाशी आणि तूर. अडतीस वर्षांत मी नागपूर पाहिलं, अमरावती पाहिली, भरतीच्या नादात एकदा पुण्यालाही धावून आलो. मुंबई राहिली होती. बाबांची एकुलती एक बहीण मात्र १९७९ पासून तिथंच आहे. लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. दारव्हा मोतीबागला शकुंतलेत, म्हणजे आमच्या अरुंद रुळांच्या गाडीत बसली, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी काळाचौकीच्या चाळीत उतरली. तिचे मालक गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मूळचे मेहकरकडचे, पण चुलत्याच्या ओळखीनं मुंबईत चिकटलेले. आजीच्या तेरवीला ती आली होती, २०१७ साली. त्यानंतर गुडघ्यांनी तिला गाव बंद केलं.

आजी गेल्यावर वारस फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर दोन नावं लागली, बाबांचं आणि आत्याचं. तेव्हापासून दर मार्चमध्ये एकच रडगाणं. पीककर्ज नवं-जुनं करायला गेलं की सगळ्या खातेदारांची संमती लागते, पीकविम्याला लागते. आत्याची सही मुंबईहून मागवायची म्हणजे कुरिअर, आधारची झेरॉक्स, पंधरा दिवस. शेवटी कोणी तरी बाबांच्या डोक्यात भरवलं, की एकदाचं हक्कसोड करून टाका, आत्यानं आपला वाटा सोडला असं लिहून घ्या. दारव्ह्याला तहसीलसमोर बसणाऱ्या लिहिणाराकडून बाबांनी मसुदा टाइप करून घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो, हेही त्यानंच सांगितलं. आत्याला दारव्ह्याला येणं जमत नसेल तर तिच्याकडून मुखत्यारपत्र मुंबईतच नोंदवून आणा, मग इकडे दस्त होईल, मग तलाठ्याकडे फेरफार, मग सातबाऱ्यावरच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी. "कंस पडला की झंझट मिटली," असं तो म्हणाला.

ती तीन पानं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून बॅगेच्या तळाशी ठेवली. बाबा निघताना फक्त एवढंच म्हणाले, "बोलून पायजो. जबरदस्ती नाई कराची."

आईनं चुंगडी, म्हणजे पोतं भरलं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कोणी जात असतं का, हा तिचा मुद्दा. दहा किलो तुरीची डाळ, पाच किलो ज्वारी, जवस, तीळ, मुगवड्या, वरतून ओल्या तुरीच्या शेंगा आणि बोरं. बाबांनी सर्वांत वर एक पिशवी ठेवली. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताच्या दिवशी वेचलेला पहिला कापूस होता त्यात, काडी-कचरा काढून साफ केलेला. "वाती करन थे," म्हणाले. जानेवारी असल्यामुळे मी वाकळही घेतली. रात्री आमच्याकडे हात पाण्यात घालवत नाही असा गारठा होता.

कारंज्यावरून एसटीनं मूर्तिजापूरला पोहोचलो तेव्हा गाडीला दोन तास होते. स्टेशनच्या एका बाजूला शकुंतलेचे अरुंद रूळ गवतात पडलेले आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी २०१६ मध्ये थांबली. इंग्रजांच्या काळात ती टाकली कापसासाठी. आमचा माल मूर्तिजापूरपर्यंत आणायचा, तिथून मुंबई बंदर, तिथून विलायत. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं १८५३ साली, आणि बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तीही त्याच वर्षी. शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत होतं. मला ते जोडून दिसलं चुंगडीवर बसून गाडीची वाट बघताना. म्हणजे आमच्या गावचा कापूस शंभर वर्षांच्या वर मुंबईला जाऊन राहिला, आणि मी त्याच्यामागून आता निघालो होतो.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. झोपलो, भुसावळला जागा झालो, पुन्हा झोपलो. इगतपुरीला चहा घेतला आणि घाटातले बोगदे अंधारात मोजायचा प्रयत्न केला.

आतेभावानं, म्हणजे दादानं फोनवर सांगितलं होतं, "सीएसएमटीला उतर. इंडिकेटरखाली थांब." मला इंडिकेटर म्हणजे ट्रॅक्टरचा ठाऊक. आता एवढ्या मोठ्या स्टेशनात पिवळा दिवा कुठं लुकलुकतो हे बघत मी चुंगडी खांद्यावर घेऊन दहा मिनिटं फिरलो. शेवटी एका हमालाला विचारलं. त्यानं वर बोट दाखवलं. गाड्यांच्या वेळा दाखवणारा पाटा. त्याच्याखाली माझ्यासारखेच पन्नास जण कोणाची तरी वाट बघत उभे होते. दादाही तिथंच होता. मी त्याच्यासमोरून दोनदा गेलो होतो म्हणे, पण माझ्या तोंडापुढे चुंगडी होती.

दादानं चुंगडीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "मालडब्यात जावं लागेल." माझ्या मनात आलं, भावाला भेटून सहा-सात वर्षं झाली, आणि हा कसा आलास असं विचारायच्या आधी डब्याचं बोलतो. चढल्यावर समजलं की तोच खरा पाहुणचार होता. हार्बरच्या गाडीत साध्या डब्यात त्या ओझ्यासकट शिरलो असतो, तर लोकांनी मला तुरीसारखं भरडलं असतं. मालडब्यात माशांच्या पाट्या, फुलांचे भारे, प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड आणि एक लोखंडी कपाट उभं होतं. त्या मंडळींत माझी चुंगडी सोयऱ्यासारखी बसली.

तिकीट पाच रुपये. आमच्याकडे पाच रुपयांत ऑटोवाला बघतसुद्धा नाही.

मुंबईचं पहिलं दर्शन कोणाला कसं होतं कोण जाणे. मला नाकानं झालं. मस्जिदला दारातून मसाल्याचा वास आला, त्यात सुंठ आणि काळी मिरी ओळखू आली. सँडहर्स्ट रोडला रूळ वर चढले आणि घरांच्या खिडक्या इतक्या जवळून गेल्या, की एका घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. त्यावर डिसेंबरच होता. डॉकयार्ड रोडला खारट, लोखंडी वास. रे रोडला नुसती गोदामं. आणि मग ती बाई बोलली: "पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन."

मी दादाकडे पाहिलं. "हे खरं नाव हाय?"

"मग काय, तुझ्यासाठी ठेवलंय?"

स्टेशनासमोर हिरवट रंगाची मोठी जुनी इमारत आहे, कॉटन एक्स्चेंज. पूर्वी कापसाचे ढीग कुलाब्याला उघड्या मैदानात पडायचे, त्या मैदानाला कॉटन ग्रीन म्हणायचे. पुढं तो व्यापार इकडे शिवडीच्या बाजूला भराव टाकलेल्या जागेवर आणला, आणि नावही सोबत आलं. ग्रीन म्हणजे हिरवळ, मैदान. मी आपला नाव ऐकून समजलो होतो की हिरव्या कापसाची काही भानगड असेल. परत निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तिथं जाऊन आलो. रखवालदाराला विचारलं, कापूस कुठं ठेवतात? तो उत्तर प्रदेशातला. हसून म्हणाला, "कपास? भैया, यहाँ तो बस ऑफिस है." कापूसवाल्यांच्या संघटनेचं कार्यालय अजून आहे तिथं. कापूस नाही. मी उगाच दहा मिनिटं फाटकाशी उभा राहिलो. आपल्या वडिलांच्या ओळखीचं घर सापडावं आणि दाराला कुलूप असावं, तसं काहीसं.

तर आत्याची रूम. तिसरा मजला, लाकडी जिना, लांब गॅलरी, गॅलरीला एका रांगेत दारं. दारात आत्या उभी. गुडघ्यांमुळे खाली आली नव्हती, पण दाराची चौकट धरून कधीची उभी होती ते वहिनीनं नंतर सांगितलं. "आला काय रे बापा," म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग तिनं चुंगडीकडे पाहिलं. वहिनीनंही पाहिलं. दादानंही.

रूम दहा बाय बारा. त्यात ओटा, मोरी, पाण्याचं पिंप, कपाट, फ्रिज, पोरीचं अभ्यासाचं टेबल, वर पोटमाळा, आणि माणसं चार. चुंगडी ठेवायला जागा नव्हती. हे कोणी बोललं नाही. वहिनी सिंधुदुर्गातली, हसतमुख बाई. तिनं चुंगडी दाराशी ठेवली, मग ओट्याखाली सरकवून बघितली, मग गॅलरीत नेली, मग उंदरांच्या भीतीनं परत आत आणली. दीड तास ती चुंगडी घरभर फिरली. शेवटी वहिनीनं ती सोडलीच. डाळ तीन डब्यांत, ज्वारी शेजारच्या काकूंच्या पिंपावर, शेंगा लगेच उकडायला. बोरं पोरीनं चाळभर वाटली. दुपारपर्यंत चुंगडीची घडी होऊन पोटमाळ्यावर गेली, तेव्हा कुठं आम्ही सगळे खाली बसलो.

आई दरवर्षी कोणासोबत तरी डाळ धाडते आणि "आवडली काय?" असं फोनवर विचारते. आत्या दरवर्षी "लय गोड शिजली" म्हणते. ती डाळ इथं कुठं राहते, हे आम्ही घरात कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. आमच्याकडे जागा ही मोजायची गोष्टच नाही. कोठ्यात पडून राहते.

पाण्याचं मला काही वाटलं नाही. मुंबईतली पाण्याची बोंब ऐकून होतो. पहाटे नळ येतो, सगळी चाळ उठते, पिंपं भरतात. पण रोज येतो! आमच्याकडे उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो आणि तो कधी येईल हे फक्त नळ सोडणाऱ्यालाच ठाऊक असतं. मी पहाटे उठून बादल्या उचलल्या, तर चाळीतल्या बायांना वाटलं, पाहुणा किती गुणी. मला तर ती रोजची कसरत वाटलीच नाही. सार्वजनिक संडासच्या रांगेचं मात्र जड गेलं. तिथं डबा घेऊन उभं राहून लोक शेअर बाजारावर बोलतात.

जड गेली ती आणखी एक गोष्ट, वाकळ. जानेवारीत पंखा! रात्री दहाला पाच जणांची अंथरुणं पडली तेव्हा मी बघत राहिलो. आत्या कपाटालगत, कारण तिला रात्री उठावं लागतं. पोरगी पोटमाळ्यावर. वहिनी ओट्यापाशी. दादा आणि मी गॅलरीत. इतर दिवशी दादा आत झोपतो. मी आलो म्हणून तो माझ्यासोबत बाहेर. म्हणजे पाहुणा आला की या घरातलं एक माणूस बाहेर जातं. वाकळ उशाशी गुंडाळून मी पडलो. ती गुंडाळी माझ्यापेक्षा जास्त जागा खात होती.

गॅलरीत दादानं पहिल्या रात्री त्याच्या वडिलांचं सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा दादा दहा महिन्यांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरणी पुढे चालू झाली पण दादाच्या वडिलांना परत घेतलं नाही. रखवालदारी केली, भाजी विकली. आत्यानं खानावळ चालवली; गिरणगावात बायांनी घरात एकट्या कामगारांना जेवू घालायची रीत होतीच. आत्या रोज दीडशे पोळ्या लाटायची, याच खोलीत. तिचे गुडघे वयानं गेले नाहीत, बसून लाटून गेले. आम्ही गावात म्हणत होतो, आत्याचं बरं आहे, मुंबईत आहे.

दादा जन्मला त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीला आत्या गावी आली होती, तेव्हाची गोष्ट बाबा सांगतात. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाची कोळशी तिच्या डोळ्यात गेली होती, घरी पोहोचेपर्यंत डोळा लाल. आजी म्हणाली, रडत आली माझी पोर. ती म्हणाली, नाही, कोळशी गेली. आता दादाचं ऐकल्यावर ते संपाचं वर्ष होतं हे माझ्या ध्यानात आलं.

आत्याच्या बोलण्याचं मला नवल वाटलं. पहिल्या दिवशी ती सुनेशी, नातीशी मुंबईचं बोलायची: "मी काय म्हणते, तू ते कर ना." माझ्याशीही अर्धं तसंच. दुसऱ्या संध्याकाळी एकाएकी तिच्या तोंडून निघालं, "काऊन रे, चा नाई घेत काय?" नात खदखदून हसली. "आजी, काऊन म्हणजे?" त्यानंतर तिचा बांध फुटला. मले, तुले, जाऊन रायली, करून रायली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती भाषा कुठं ठेवली होती कोण जाणे. त्या खोलीत तर डाळ ठेवायला जागा नाही.

तिसऱ्या दिवशी गॅलरीत एक गृहस्थ भेटले. माणूस वाईट नाही. वऱ्हाडातून आलो म्हटल्यावर चेहरा पाडून म्हणाले, "तुमच्याकडे फार आत्महत्या होतात, नाही?" काय बोलावं हे मला सुधरेना. होतात. आमच्या गावातही झाली आहे, मी खांदा दिला आहे. पण पाहुणा म्हणून हातात चहाचा कप धरून त्यावर काय बोलणार? आतून आत्याचा आवाज आला, "आमच्याकडे लग्नंबी होतात, भाऊ. येजा कधी." ते हसले, मीही हसलो. पण शहरातल्या माणसाच्या डोक्यात आपला जिल्हा म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं, आणि रात्रीपर्यंत ते घशात अडकून होतं.

रविवारी दादानं समुद्र दाखवायला नेलं. मला वाटलं लाटा, वाळू, भेळ. तो म्हणाला, जवळच आहे, शिवडीला, आता ओहोटी आहे, पक्षी दिसतील. धक्क्यावर जाऊन पाहतो तर चिखल. नजर जाईल तिथवर काळाभोर, चकचकीत चिखल, आमच्या पावसाळ्यातल्या धुऱ्यासारखा, शेताच्या बांधासारखा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तर समुद्र घरी नव्हता. आणि त्या चिखलात लांब पायांचे गुलाबी पक्षी, हजारांनी, माना खाली घालून चरत होते. रोहित म्हणतात त्यांना, थंडीत येतात, उन्हाळ्यात जातात. मागे अटल सेतू, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला, जवळपास २२ किलोमीटर लांब. त्यावरच्या गाड्या इथून मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. पुलाचं मला कौतुक वाटलं ते वाटलं, पण मी त्या चिखलाकडेच बघत होतो. नांगरामागे बगळे चालतात तसेच ते पक्षी. मनात आलं, या मातीत कपाशी जोमानं येईल. दादाला तसं बोललो तर तो म्हणाला, "खारी माती आहे, येड्या."

आता त्या कामाचं.

मी चार दिवस फोल्डर बॅगेतून काढलाच नाही. रोज ठरवायचो, आज जेवण झाल्यावर. पण त्या खोलीत एकांत नावाची वस्तू नाही. आत्याशी एकटं बोलायचं तर इतर तिघांना बाहेर जायला सांगावं लागलं असतं, आणि ते बाहेर गेले असते तर काय चाललंय हे साऱ्या चाळीला कळलं असतं. हे झालं माझं निमित्त. खरं कारण पुतणीच्या वहीत होतं.

पोरगी नववीत. दुसऱ्या दिवशी गणिताचा अभ्यास करताना तिनं विचारलं, "काका, एकर म्हणजे किती?" मी म्हटलं, चाळीस गुंठे. "गुंठा म्हणजे?" मग मी चौरस फुटांत सांगितलं, ४३,५६०. तिनं खोलीभर नजर फिरवली, दहा गुणिले बारा केलं, भागाकार मांडला आणि ओरडली, "एका एकरात आपल्या ३६३ रूम बसतात! तुमचं किती आहे?" सात, मी म्हणालो. तिनं गुणाकारही केला. २,५४१. "बापरे, काका, तुम्ही किती श्रीमंत!" सगळे हसले. मला तिला सांगता आलं असतं, की त्या २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, पण तो लांब धाग्याला. की बोलीनं व्यापारी त्याच्या खाली मागतो. की वेचाईचे किलोमागं दहा रुपये जातात आणि फवारणी, खत धरून हाती काय उरतं ते. काही बोललो नाही. कारण माझ्या डोक्यात दुसराच भागाकार चालू होता. सात भागिले दोन. आत्या निवडत होती त्या शेंगांकडेच बघत राहिली. तिनं मान वर केली नाही.

शेवटच्या संध्याकाळी वहिनी कामावरून यायची होती, दादा खाली गेला होता, पोरगी क्लासला. आत्यानं देवापुढची पिशवी ओढली आणि बाबांनी दिलेला कापूस मांडीवर घेतला. वाती वळायला लागली. वळता वळता थांबली, एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, धागे वेगळे केले, पुन्हा जुळवले, पुन्हा ओढले. उजेडाकडे धरून पाहिला.

"आखूड हाय," ती म्हणाली.

"काय?"

"धागा. माह्या मालकानं शिकवलं होतं. संपाच्या वक्ताले काम नव्हतं, बसल्या बसल्या हेच करे. लांब असता त दोन पैशे जास्त आले असते तुमाले. कोणतं बियाणं हाय?"

मी नाव सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं वात पुरी केली, तांब्याच्या ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद आणला असशीन ना?"

बाबांनी फोनवर सांगितलं होतं, का दादानं ओळखलं होतं, का तिचं तिलाच कळलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. फोल्डर काढून दिला. तिनं चष्मा लावला. तीन पानं वाचली, हळूहळू, बोट फिरवत. गट नंबरावर बोट थांबलं. चतुःसीमा वाचताना ओठ हलत होते: पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण. "पांदणीवरचं चिचीचं झाड हाय काय अजून?" मी म्हटलं, हाय. ते कागदात नव्हतं.

मग तिनं पानं परत फोल्डरमध्ये घातली, नीट, कोपरे जुळवून.

"दादाले, तुह्या बाबाले सांगजो, पीक तुम्हीच खा. मले एक दाणा नाई पायजे. माह्या पोरालेबी नाई पायजे, त्याले मी सांगन. मी मेल्यावर काय कराचं थे करा. पण मी जित्ती हावो तवरक नाव राहू द्या."

मी कर्जाची अडचण सांगितली. अगदी खऱ्या सुरात सांगितली, कारण ती खरीच आहे. ती म्हणाली, "सहीच पायजे ना? मंग सह्या घेऊन जाय." आणि खरंच कोऱ्या कागदांवर सही करायला बसली. मी थांबवलं. कोऱ्या कागदावर नको, म्हटलं, बँकेचा नमुना मोबाइलवर आहे, खालून प्रिंट आणतो. काळाचौकीच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन संमतीपत्राच्या चार प्रती आणल्या, आधारच्या चार प्रती काढल्या. तिनं प्रत्येकीवर सही केली. खानावळीच्या हिशेबाच्या वहीसारखी सही, पूर्ण नाव, शेवटी टिंब. माहेरचं आडनाव कंसात. तो कंस पाहून मला लिहिणाऱ्याचा कंस आठवला, पण बोललो नाही.

परतताना चुंगडी पुन्हा भरली. लालबागच्या गल्लीतून चिवडा, वहिनीच्या हातचा मालवणी मसाला, आईसाठी साडी, बाबांसाठी गुडघ्याचा पट्टा. भावालाही तोच त्रास असणार असं आत्यानं स्वतःच ठरवलं होतं. वाकळ मी तिथंच सोडायला निघालो होतो, तर वहिनीनं हात जोडले. मीही समजलो. घेऊन आलो.

या वेळी इंडिकेटर मला सापडला. दादाला म्हटलं, तू जा, मी थांबतो खाली. तो गाडी सुटेपर्यंत गेला नाही.

गावी पोहोचलो तर वेचणीची दुसरी खेप चालू होती. बाबा धुऱ्यावर बसले होते. आधी आत्याची तब्येत विचारली, मग दादाची नोकरी, मग पोरीची शाळा. मग गप्प. मीच फोल्डर काढला आणि सांगितलं, जसं ती बोलली तसंच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. ते पराटीकडे, कपाशीच्या झाडांकडे बघत होते. संमतीपत्रं त्यांनी हातात घेतली, सही पाहिली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मसुद्याची तीन पानं माझ्याच हातात राहिली.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "अन् कापूस? कसा वाटला म्हणे तिले?"

"आखूड हाय म्हणे धागा."

बाबांनी समोरच्या झाडाचं एक बोंड तोडलं, चिमटीत धरून कापूस ओढून पाहिला. त्यांना ते जमलं नाही, पुन्हा ओढला.

"मंग यंदा बियाणं बदलाच लागन," ते म्हणाले.